वही माझी, तारीख माझी, तरी पेटंट दुसऱ्याचं कसं?

लेथवाला:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागून ठेवतो.

माझं छोटं वर्कशॉप आहे. आम्ही तिघं, दोन लेथ आणि एक म्हातारी मिलिंग. गेली तीन वर्षं एका हत्याराच्या मागे लागलोय. एका भोकाला आडवं दुसरं भोक मारलं की जिथे दोन्ही एकमेकांना मिळतात तिथे आतल्या कडेला बर (धातूची राहून गेलेली धारदार कोर) राहते. बाहेरची बर कानशीने निघते, आतली काढायला हात पोचत नाही. त्यासाठी स्प्रिंगवर उघडणाऱ्या पात्याची टूल्स मिळतात, पण त्यांच्या कॉइल स्प्रिंगमध्ये बुरा जाऊन बसतो. दोनशे-तीनशे जॉब झाले की पातं आत जातं ते बाहेर यायचं नावच घेत नाही. मी कॉइल काढून टाकली आणि पातळ पट्टीची स्प्रिंग घातली. पातं बाहेर ढकलते तीच, आणि पातं आत-बाहेर होताना खाचेतला बुरा खरवडून काढते तीही तीच. ऐकायला सोपं वाटतं. पट्टी मुळाशी तुटायची, त्यातच दीड वर्ष गेलं.

हे सगळं मी वहीत लिहिलंय. पानापानावर तारीख, आणि शेजारच्या वर्कशॉपवाल्याची साक्षीदार म्हणून सही. मला कोणीतरी सांगितलं होतं की पहिल्यांदा कोणी शोधलं हे सिद्ध करता आलं की पेटंट आपलंच.

चार महिन्यांपूर्वी उत्साहाच्या भरात चाळीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. आता एक ओळखीचा म्हणतो, "कायदा कधीच बदलला, वहीला कोणी विचारत नाही, आणि व्हिडिओ टाकून तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास." दुसरा म्हणतो, "घाबरू नकोस, नव्या सुधारणा छोट्यांसाठीच आहेत, फी किती कमी झाली बघ."

दोघांपैकी खरं कोण? मला अमेरिका, जर्मनी, जपान आणि भारत एवढ्या ठिकाणी टूल विकायचं आहे. व्हिडिओ काढून टाकू का?

---

क्लेम_नंबर_एक:

दोघेही अर्धे खरे. मी पेटंटचे अर्ज लिहायचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमच्या कागदपत्रांवरचा सल्ला तुमच्या देशातल्या पेटंट एजंटकडूनच घ्या.

आधी वही. पहिल्या शोधकाला पेटंट ही मोठ्या देशांपैकी फक्त अमेरिकेची पद्धत उरली होती. कॅनडाने ती 1989 मध्येच सोडली. अमेरिकेने 'अमेरिका इन्व्हेंट्स ॲक्ट' 2011 च्या सप्टेंबरात मंजूर केला आणि 16 मार्च 2013 पासून तिथेही आधी अर्ज करणाऱ्याला प्राधान्य आलं. बाकी जगात ते आधीपासूनच होतं. म्हणजे तुमच्या वहीचा जो उपयोग तुम्ही धरून चाललात तो जर्मनीत, जपानमध्ये किंवा भारतात कधी नव्हताच.

तरी वही फेकू नका. कोणी तुमच्याकडूनच कल्पना उचलून अर्ज केला, तर ती त्याला कुठून मिळाली हे दाखवायला ती लागेल. दुसरं, बऱ्याच देशांत आधीपासून वापर करणाऱ्याला संरक्षण असतं: दुसऱ्याने पेटंट घेतलं तरी तुम्ही तुमचं काम चालू ठेवू शकता. अमेरिकेने 2011 च्याच कायद्यात हे संरक्षण सगळ्या क्षेत्रांना लागू केलं. पण ते त्या त्या देशातल्या वापरापुरतंच. तुमचा लेथ जिथे आहे तिथलं रेकॉर्ड जर्मनीत कामाला येणार नाही.

आता व्हिडिओ. अर्जाआधीच उघड झालेल्या गोष्टीवर सहसा पेटंट मिळत नाही; काही देश मात्र उघड केल्यानंतरही अर्ज करायला थोडी मुदत देतात, तिला सवलत म्हणू. खरी गंमत इथे आहे, आणि 'कायदा छोट्यांसाठी बदलला' हे किती देशावर अवलंबून आहे तेही इथेच कळतं.

अमेरिका: शोधकाने स्वतः उघड केलं असेल तर एक वर्षाची सवलत. पण मधल्या काळात तिसऱ्या कोणी त्यातच थोडा फेरफार करून काही प्रसिद्ध केलं, तर तो फेरफार तुमच्या आड येऊ शकतो. तिथलं पेटंट ऑफिस या सवलतीचा अर्थ अरुंद लावतं. वर्ष आहे म्हणून वर्षभर झोपायचं नाही.

जपान: 2018 च्या जूनमध्ये सवलत सहा महिन्यांवरून एक वर्ष झाली. छोट्यांच्या उपयोगाची सुधारणा कुठली म्हणाल तर ही. मात्र अर्ज करतानाच 'मी आधी उघड केलंय' असं सांगावं लागतं आणि पुरावा तीस दिवसांत द्यावा लागतो. आणखी एक खाच: ते वर्ष जपानमधल्या अर्जापर्यंत मोजतात. दुसरीकडे आधी अर्ज करून त्याची तारीख लावली तर चालत नाही. पीसीटी म्हणजे अनेक देशांसाठी मिळून करायच्या आंतरराष्ट्रीय अर्जात जपानचं नाव असेल तर त्या अर्जाची तारीख धरतात.

युरोपियन पेटंट: व्हिडिओपुरतं संपलं. तिथे सवलत सहा महिन्यांची आहे, पण ती फक्त कोणी तुमचा विश्वासघात करून उघड केलं तर, किंवा मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडलं तर. हौसेने टाकलेला व्हिडिओ यात बसत नाही.

भारत: सवलतीचा काळ बारा महिने, पण दारं मोजकीच. सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध, गरजेपोटी उघड्यावर घेतलेली चाचणी वगैरे. 2024 च्या नियमांनी ही सवलत मागण्यासाठी स्वतंत्र फॉर्म 31 आणला, त्यामुळे अनेकांना वाटलं दारंच रुंद झाली. दारं तेवढीच आहेत, नुसती पाटी लागली.

जर्मनी मी मुद्दाम शेवटी ठेवली. तिथे पेटंटशिवाय 'गेब्राउख्समुस्टर' असतं, 1891 पासून. त्याला छोटं पेटंट म्हणू. नोंदणीच्या वेळी नवेपणाची तपासणी होत नाही, मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि स्वतः उघड केल्यापासून सहा महिन्यांची सवलत आहे. ते प्रक्रियेवर मिळत नाही, वस्तूवर मिळतं. तुमचं टूल वस्तू आहे. चार महिने गेलेत, दोन उरलेत.

व्हिडिओ काढू नका. काढल्याने ते गुपित परत होत नाही. उलट अमेरिका आणि जपानमध्ये तुमच्याच सवलतीची तारीख सिद्ध करायला तोच लागेल.

आणि मला एक सांगा, व्हिडिओत नेमकं काय दिसतं?

---

जुना_पान्हा:

क्लेम_नंबर_एक यांनी तारखांचं सगळं नीट सांगितलंय. मी पुढचं सांगतो, कारण त्या रस्त्याने जाऊन आलोय. पेटंट मिळवणं हा अर्धाच प्रवास असतो, आणि सुधारणांनी नेमकी कुठली अर्धी बाजू सोपी केली हे बघा.

माझं हत्यार बेअरिंग काढायचं. तीन जबड्यांचा पुलर, पण जबडे आपोआप मध्यावर येतात, त्यामुळे बेअरिंग तिरकं ओढलं जात नाही. 2009 मध्ये अमेरिकेत अर्ज केला, 2012 मध्ये पेटंट मिळालं. फ्रेम करून लावलं, घरच्यांनी फोटो काढले. 2015 मध्ये एका मोठ्या टूल कंपनीचा पुलर हातात आला. उघडून पाहिला. माझ्या जबड्याच्या मागची खाच, तिच्यातली गोळी, गोळीमागचं स्प्रिंग, सगळं जागच्या जागी. माझ्या ड्रॉइंगमध्ये खाचेच्या कोपऱ्याला गरज नसताना गोलाई राहून गेली होती, ती चूकसुद्धा होती. त्या दिवशी खरं सांगतो, रागापेक्षा थोडा अभिमानच वाटला.

वकील लावला, पत्र गेलं, उत्तर आलं, मग दावा. कंपनीने कोर्टात उत्तर दिलं आणि वर्षाच्या आत पेटंट ऑफिसच्या मंडळापुढे माझंच पेटंट रद्द करायचा अर्ज टाकला. त्याला 'इंटर पार्टेस रिव्ह्यू' म्हणतात, आयपीआर. हाही त्याच 2011 च्या कायद्यातून आलेला, 2012 च्या सप्टेंबरपासून सुरू. माझा अर्ज नव्या कायद्याच्या आधीचा होता, तरी लागू झाला. हे घटनेत बसतं का, असा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2018 मध्ये कोर्टाने बसतं म्हणून सांगितलं.

फरक कुठे पडतो बघा. कोर्टात पेटंट वैध मानूनच सुरुवात होते आणि ते पाडायचं तर 'स्पष्ट आणि खात्रीलायक' पुरावा लागतो. 2011 च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच ठासून सांगितलं होतं, तेही कॅनडातल्या आयफोरआय नावाच्या छोट्या कंपनीच्या बाजूने आणि मायक्रोसॉफ्टच्या विरोधात. तीन महिन्यांनी नवा कायदा आला आणि त्यात शेजारीच दुसरं दार उघडलं, जिथे पारडं जरासं झुकलं तरी पुरतं. एकाच पेटंटला दोन ठिकाणी दोन मापं. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. भुक्कड पेटंट स्वस्तात काढून टाकायची होती. पण 'स्वस्तात' कोणाच्या मानाने? नुसती अर्जाची सरकारी फी वीस हजार डॉलरच्या घरात, वकील वेगळा. मोठ्या कंपनीला हे कोर्टापेक्षा खूपच स्वस्त. माझ्यासाठी मात्र ती एकाच वेळी दुसरी लढाई झाली, आणि तोवर कोर्टाने पहिली थांबवून ठेवली.

त्यांनी शोधून काय काढलं? 1930 च्या दशकातलं फळं दाबायच्या यंत्राचं पेटंट. त्याच्या आकृतीत तीन हात एका चकतीने एकत्र मध्यावर येतात. दुसरीकडे एक साधा पुलर. दोन्ही जोडले की तुमचं झालं, म्हणे. 2007 च्या केएसआर निकालानंतर (तो गाडीच्या ॲक्सिलरेटर पेडलवरचा होता) अशी जोडाजोड 'कारागिराला सहज सुचली असती' म्हणणं सोपं झालं. मी चाळीस वर्षं कारागीर आहे, मला फळांचं यंत्र कधी सुचलं नव्हतं. पण माझं मत कोण विचारतो.

सतरा क्लेम होते, म्हणजे नेमका कशावर हक्क आहे ते सांगणारी पेटंटातली कलमं. बारा गेले, पाच वाचले. वाचलेल्या पाचांत 'गोळी' असा शब्द होता. कंपनीने गोळीच्या जागी छोटा रोलर घातला. संपलं.

तेव्हा लेथवाले, फी कमी झाली हे अगदी खरं आहे. 2022 च्या अखेरीस अमेरिकेने छोट्या उद्योगांची सूट पन्नासवरून साठ टक्के केली, आणि अगदी लहान, कमी उत्पन्नाच्या अर्जदारांची पंच्याहत्तरवरून ऐंशी. भारतातही छोट्या उद्योगांची फी 2020 मध्ये वैयक्तिक अर्जदाराइतकी खाली आली. दाराचं तिकीट स्वस्त झालं. आत कुस्ती आहे, तिच्यासाठी सूट नाही.

त्यातही माझा जास्त खर्च वकिलापेक्षा वेळेत गेला. अडीच वर्षं मी नवं काही बनवलं नाही. रोज सकाळी ईमेल उघडायची, मग दिवस खराब.

---

सर्व्हर_रूम:

पान्हाकाका, तुमचं वाचून वाईट वाटलं, पण नाण्याची दुसरी बाजू मीच सांगतो, कारण त्याच आयपीआरने माझा धंदा वाचवला.

आम्ही चौघं जण छोट्या दुकानदारांना ऑनलाइन ऑर्डर घ्यायचं सॉफ्टवेअर विकायचो. एक दिवस पाकीट आलं. आत पेटंटची प्रत आणि सौम्य भाषेतलं पत्र: तुमचं उत्पादन आमच्या क्लेममध्ये येतं, लायसन्स घ्या, नाहीतर बघू. पाठवणाऱ्याची वेबसाइट नाही, उत्पादन नाही, ऑफिसचा पत्ता म्हणजे नुसता एक दरवाजा असावा. मागितलेली रक्कम मोठ्या हुशारीने ठरवलेली: वकिलाकडे जाऊन लढण्याच्या खर्चापेक्षा कमी, आणि मन मारून देता येईल इतकी. क्लेम वाचला तर त्यात 'ग्राहकाने निवडलेल्या वस्तूंची यादी साठवून ठेवणे' यापलीकडे फारसं काही नव्हतं.

आम्ही देणारच होतो. मग कळलं की तेच पत्र शेकड्याने गेलंय आणि त्यातल्या एका मोठ्याने आयपीआर टाकलाय. त्याचं नाव आम्हाला आजही ठाऊक नसतं, जर पत्राखाली आमच्याच वकिलाने त्या आयपीआरचा क्रमांक लिहून दिला नसता. वर्षाने ते क्लेम रद्द झाले. आमची पत्रं आपोआप थांबली. धन्यवाद म्हणायला पत्ताही नव्हता.

त्याआधी 2006 मध्ये ईबेच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की पेटंटचा भंग झाला म्हणून मनाई हुकूम आपोआप मिळणार नाही. 2014 च्या ॲलिस निकालाने 'जुनीच कल्पना, फक्त कॉम्प्युटरवर' अशा पेटंटांची हवा काढली. 2017 च्या टीसी हार्टलँड निकालानंतर वाट्टेल त्या कोर्टात ओढता येईना, तोवर टेक्सासच्या पूर्व भागातल्या एका जिल्हा कोर्टात असे खटले ढिगाने जायचे. माझ्यासारख्याला हे तिन्ही निकाल म्हणजे एकेक कडी घालून घेतलेला दरवाजा.

पण प्रामाणिकपणे कबूल करतो: तीच कडी तुमच्यासारख्याला बाहेर ठेवते. तुम्ही कारखाना न काढता लायसन्स देऊन जगणार असाल, तर ईबेनंतर मनाई हुकूम मिळणं अवघड. मग समोरचा म्हणतो, 'वापरतो, पैसे नंतर कोर्ट ठरवेल.' मला पत्र पाठवणारा दरवाजा आणि खरोखर डोकं खपवून लायसन्स देणारा माणूस, कायद्याला दोघं सारखेच दिसतात. दोघांकडे कारखाना नाही. दोघांना वेगळं ओळखायचं कसं, हे मलाही सांगता येणार नाही.

---

जुना_पान्हा:

> दोघं सारखेच दिसतात

हे पटलं. मी पत्र पाठवलं तेव्हा त्या कंपनीच्या वकिलाने मला उत्तरात ट्रोल (काही न बनवता नुसत्या पेटंटच्या धाकावर पैसे उकळणारा) म्हटलं नव्हतं, पण 'उत्पादन न करणारी संस्था' असं लिहिलं होतं. मी त्या वेळी वर्षाला सहाशे पुलर हाताने बनवत होतो.

---

सातवी_पायरी:

मी छोट्या कंपनीत आहे, खटल्याचा अनुभव नाही. पण एक सांगते: सुधारणा म्हटलं की सगळे पेटंट ऑफिसकडे बघतात. माझ्या मते कोर्टाकडे बघायला हवं.

इंग्लंडमध्ये छोट्या बौद्धिक संपदा खटल्यांसाठी वेगळं कोर्ट आहे. 2010 मध्ये तिथे नियम केला की हरलात तरी समोरच्याचा खर्च जास्तीत जास्त पन्नास हजार पौंड भरावा लागेल. 2022 मध्ये तो साठ हजार झाला. भरपाईलाही वरची मर्यादा आहे, पाच लाख पौंड. सुनावणी सहसा दोन दिवसांत उरकायची, पुरावा लांबवायचा नाही. साठ हजारही कमी नाहीत, पण आकडा आधी माहीत असतो. छोट्या माणसाला खर्च जास्त आहे याची भीती नसते, खर्च किती होईल हे न कळण्याची असते.

उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. त्यांनी 2001 मध्ये 'इनोव्हेशन पेटंट' आणलं, आठ वर्षांचं, छोट्या सुधारणांसाठी, हेतू हाच की लहान उद्योगांना सोपं जावं. शेवटी ते बंद केलं. नवे अर्ज 25 ऑगस्ट 2021 नंतर घेतले नाहीत. कारण हेच की लहानांना त्याचा फार फायदा दिसला नाही, आणि मोठे खेळाडू पेटंटची जाळी विणायला ते वापरू लागले. कमी उंचीचं कुंपण घातलं की त्यावरून लहान पोरंही चढतात आणि मोठी माणसंही.

युरोपचं एकत्रित पेटंट 1 जून 2023 पासून आहे. एकदा नोंदवलं की डझनाहून जास्त देशांत चालतं, वार्षिक फीही एकच. त्यात जोखीम अशी की एकाच ठिकाणी हरलात की सगळीकडचं जातं. लेथवाल्यांना ते तसंही मिळणार नाही ना?

---

क्लेम_नंबर_एक:

सातवी_पायरी, बरोबर, व्हिडिओत जे आहे त्यावर नाही मिळणार. म्हणूनच विचारलं होतं की व्हिडिओत काय दिसतं. लोक 'व्हिडिओ टाकला, संपलं' म्हणून बसतात. उघड झालं ते तेवढंच, जे त्यातून जाणकाराला कळेल आणि करता येईल. बाहेरून चालणारं टूल दिसलं आणि आतलं दिसलंच नाही, तर आतलं अजून तुमचं आहे. मात्र टूल विकलं असेल तर गोष्ट वेगळी, विकत घेणारा ते उघडू शकतो.

---

लेथवाला:

सगळ्यांचे आभार. एवढं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

विकलेलं नाही, एकही नाही. काल रात्री व्हिडिओ एकेक चित्र थांबवून पाहिला. पहिली तीस सेकंदं नुसतं टूल भोकात जाऊन बाहेर येतं, कूलंट उडतं, मी बोट आत घालून दाखवतो की बर नाही. जीव भांड्यात पडला. मग तेहतिसाव्या सेकंदाला मी महाशय टोपी फिरवून काढतो आणि पट्टी चिमट्यात धरून कॅमेऱ्यासमोर नाचवतो. दोन सेकंदं. स्वच्छ दिसते.

एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक. खाली एकाने विचारलंय, "पट्टीची जाडी किती?" मी लगेच उत्तर दिलंय: 0.3 मिलिमीटर, आणि स्टीलची ग्रेडसुद्धा. वर हसरा चेहरा. सगळ्यात जास्त तोच चेहरा खटकतोय.

पण एक गोष्ट आहे. व्हिडिओतली पट्टी सरळ आहे. तीही पाच-सहाशे जॉबनंतर मुळाशी तुटते, तेव्हा मला वाटत होतं की ही टिकेल. त्यानंतरच्या महिन्यात मी पट्टीच्या मुळाला उतार दिला, जाडीत हळूहळू वाढ, आणि ती खाचेत सैल न ठेवता एका बाजूने पिनवर टेकवली. आता चार हजार जॉब झालेत, तुटलेली नाही. हे व्हिडिओत नाही, कमेंटमध्ये नाही, वहीत आहे. याचं काय?

---

क्लेम_नंबर_एक:

हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवं होतं!

उतार आणि पिन यांवर अर्ज होऊ शकतो, युरोपात आणि भारतातसुद्धा. अडचण इतकीच की आता तुमचा स्वतःचा व्हिडिओ तुमच्या विरोधातला जुना पुरावा असेल. तपासणारा म्हणेल, सरळ पट्टी माहीत होती, तुटते म्हटल्यावर मूळ जाड करणं कोणालाही सुचेल. त्याला उत्तर द्यायला नुसता 'उतार' पुरणार नाही. मूळ जाड केल्यावर पट्टी कडक होऊन पातं नीट उघडत नाही, हे तुम्हाला दिसलं असेल ना? आणि पिनवर टेकवल्याने ते सुटलं असेल? तसं असेल तर तीच खरी गोष्ट. नुसत्या जाडीने जे होत नाही ते या दोन्हींच्या जोडीने होतं, हे आकड्यांनी दाखवा. चार हजार जॉबची नोंद, किती जॉबनंतर किती जोर लागला, सगळं. वही इथे कामाला येते. तारखेपेक्षा तिच्यातल्या फसलेल्या प्रयोगांचं मोल इथे जास्त.

क्रम असा ठेवा: सरळ पट्टीसकट सगळं अमेरिका आणि जपानसाठी, व्हिडिओची तारीख सांगून. जर्मनीत छोटं पेटंट दोन महिन्यांच्या आत. उतार-पिनचा अर्ज याच आठवड्यात कुठेतरी पहिल्यांदा टाका. तिथून बाकी देशांसाठी बारा महिने मिळतात, हा 1883 च्या पॅरिस कराराचा नियम आहे (मूळचे सहा महिने 1900 च्या दुरुस्तीत बारा झाले), आणि अलीकडच्या कुठल्याही सुधारणेने तो बदललेला नाही. फक्त जपानमधल्या सरळ पट्टीसाठी या बारा महिन्यांवर विसंबू नका, तिथलं घड्याळ व्हिडिओपासूनच चालू झालंय.

---

जुना_पान्हा:

आणि क्लेममध्ये 'पिन' लिहू नका. माझी गोळी आठवा. 'टेकू देणारा भाग' असं काहीतरी लिहायला सांगा, पिन, रोलर, कड, सगळं त्यात आलं पाहिजे. पिनचा वेगळा क्लेम खाली ठेवा.

---

क्लेम_नंबर_एक:

पान्हाकाकांना फी द्यायला हवी आता. हो, अगदी तसंच. वरचा क्लेम रुंद, खालचे अरुंद. रुंद पडला तर अरुंद उभे राहतात.

---

लेथवाला:

एजंटशी बोललो, गुरुवारी भेट आहे. वहीची पानं स्कॅन करतोय. फसलेल्या पट्ट्या मी फेकल्या नव्हत्या, डब्यात आहेत, प्रत्येकीला चिकटपट्टीवर जॉबचा आकडा लिहिलेला. तो डबाच घेऊन जातो.

एजंटने एक गोष्ट मात्र सांगितली जी कोणी इथे म्हटली नव्हती: चार देशांतला पुढच्या वीस वर्षांचा पेटंट चालू ठेवायच्या शुल्काचा हिशेब आत्ताच मांडा, मग ठरवा कुठे खरंच जायचं. मांडला. जपान कदाचित सोडून देईन.

सर्व्हर_रूम, तुमचं ते पाकीट वाचून भावाला दाखवलं. त्याच्या कंपनीत तसंच एक आलंय, त्यांना आजवर वाटत होतं की ते खरं असणार.

आणि हो, त्या जाडी विचारणाऱ्याने व्हिडिओखाली आज पुन्हा लिहिलंय: "मी बनवून पाहिली, माझी मुळाशी तुटतेय. तुमची तुटत नाही का?"

चांगला माणूस दिसतो. मी अख्खं उत्तर टाइप केलं होतं, उतार किती अंशांचा तेही. मग खोडलं.